कानपिळ्या

घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या असतात. बायको होती तेव्हा ती शेजारच्या बाया घेऊन ओढ्यावर जायची. ती गेल्यावर हे काम माझ्यावर आणि कानपिळ्यावर आलं. गोधडी धुणं सोपं, पिळणं अवघड. पाणी प्यायलेली गोधडी म्हणजे मेलेलं रेडकू. एक टोक त्यानं धरायचं, एक मी. तो एकीकडं पीळ द्यायचा, मी दुसरीकडं. बासष्ट वर्षांचं वाळकं माणूस, पण हाताला असा जोर की गोधडीबरोबर मीच फिरायचो. त्या दिवशीही फिरलो.

"दाजी, पाय रोवा की. गोधडी पिळायचीय, तुमाला न्हाई," तो म्हणाला.

पाच गोधड्या पिळून आम्ही दगडी गडग्यावर पसरल्या. दुपार झाली होती. "जरा पडतो, छातीत जड वाटतंय," असं म्हणून तो ओट्यावर आडवा झाला. मी चुलीवर चहा ठेवला. चहा घेऊन बाहेर आलो तर माणूस गेलेला. हात छातीवर, टोपी उशाला.

त्या हातांची आणि माझी ओळख पन्नास वर्षांची. ती झाली कानापासून. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. बहिणीला नीट नांदव, एवढंच सांगणं असतं त्यात. त्या भावाला कानपिळ्या म्हणतात, आणि नवऱ्याकडून त्याला टोपी-टॉवेलाचा मान असतो. माझ्या बायकोला भाऊ नव्हता. तिच्या माहेरी, वडिवळ्याच्या मांडवात भटजींनी कानपिळ्याला बोलवा म्हणून हाक दिली, आणि सासरा कुणी चुलतभाऊ सापडतो का बघायला लागला. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून माझी मेव्हणी उठली. वय बारा, दोन वेण्या, अंगात परकर-पोलकं. तिनं येऊन माझा कान असा पिरगाळला की मुंडावळ्यांच्या आत डोळ्यांत पाणी आलं. मांडव हसत होता तेव्हा कानात आवाज आला, "आमच्या आक्कीला रडवलंस तर दुसराबी कान हाय."

तो हा. नाव कोंडाबाई. तेव्हा तो माझी मेव्हणी होता.

आमच्या लोकांनी पोरगी म्हणून पोलक्याचं कापड पुढं केलं. त्यानं हात लावला नाही. "कानपिळ्याला टोपी असती," म्हणाला आणि पाटावरच बसून राहिला. वरात खोळंबली. आई समजावते, बाप डोळे वटारतो, हा ढिम्म. शेवटी फेटा बांधायच्या आधी मी घातलेली कोरी पांढरी टोपी पिशवीत होती, ती मी काढून दिली. ती डोक्यावर चढली ती चढलीच. वेण्या महिन्याभरात गेल्या. भाताच्या विळ्यानं स्वतःच कापल्या, आणि आईनं रडून घर डोक्यावर घेतलं.

बायको मला पुढं कायम चिडवायची, "तुमीच दिली टोपी. तुमीच केलं त्याला बाप्या." मी म्हणायचो, टोपीनं कुणी बाप्या होत असंल तर आपल्या घरातली खुंटीबी बाप्या. यावर तो एकदाच बोलला. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "टोपी न्हवती तवाबी मी ह्योच हुतो."

त्याचं लग्न करायचा प्रयत्न सासऱ्यानं केला नाही असं नाही. तिकोणा पेठेकडचे पाहुणे बघायला आले होते, मीही होतो. चहा घेऊन हा आला तो धोतर-सदऱ्यात. कप वाटले आणि मुलाच्या समोर मांडी घालून बसला. "चिखलणी येती का तुमाला?" त्यानं विचारलं. मुलगा म्हणाला, येते. "मलाबी येती. मग एका घरात दोन दोन औतकरी काय करायचे? आणि सैपाक कुणी करायचा?" मुलगा समंजस होता. हसला आणि चहा पिऊन उठला. सासऱ्यानं पुन्हा कुणाला बोलावलं नाही. म्हातारा मला एवढंच म्हणाला, "शेत तर बघतंय ना. बघू द्या."

आणि शेत बघावं तर यानंच. भाताच्या शेतात आमच्याकडं कामं वाटलेली असतात. बैल घेऊन चिखल करायचा तो बाप्यांनी, वाकून रोपं लावायची ती बायांनी. बाई बैलामागं गेलेली लोकांना चालत नाही आणि बाप्या रोपं लावायला लाजतो. हा सकाळी घोंगडी पांघरून चिखलणी करायचा, दुपारी पाठीवर इरलं घेऊन बायांच्या रांगेत वाकायचा. बायांबरोबर गाणी म्हणायचा, त्यांच्यापेक्षा पुढं जायचा. संध्याकाळी बाप्यांबरोबर बांधावर बसून तंबाखू मळायचा. दोन्हीकडं त्याची टिंगल व्हायची आणि दोन्हीकडं त्याच्यावाचून अडायचं.

लोकांना वाटेल तो सगळं बाप्यासारखंच करायचा. तसं काही नव्हतं. हातावर लहानपणी गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं, ते त्यानं कधी बाहीखाली लपवलं नाही. गोधड्या शिवाव्यात त्यानंच. बारीक टाका, सरळ रेघ. वाडीत बाळ जन्मलं की तेल लावायला बाया त्यालाच बोलवायच्या. पायावर बाळ घेऊन बसला की तो अंगाई म्हणायचा, आणि त्या वेळी त्याचा आवाज माझ्या सासूसारखा यायचा. मी एकदा म्हणालो, "अरं, बाप्या हायस तर बाप्यासारखा ऱ्हा." तो बाळाच्या टाळूवर तेल जिरवत म्हणाला, "पुरा बाप्या कशाला व्हायचं, दाजी? तुमच्याकडं बघितलं की हौस फिटती."

बायको दर भाऊबीजेला त्याला पाटावर बसवून ओवाळायची. मी बघून हसायचो. ती म्हणायची, माझं भावंड आहे, मी त्याला ओवाळीन नाहीतर त्याची ओटी भरीन, तुमचं काय जातं. माझं काही जात नव्हतं. पण हे कळायला मला फार उशीर लागला, आणि मध्ये मी एक घाण केली. ती लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आमच्या लोहगडवाडीत देवाची यात्रा असते. त्या वर्षी पंचमंडळींत माझं नाव होतं. मला त्याची फुशारकी होती. पालखी निघाली, चढावर एक खांदेकरी दमला, आणि कानपिळ्यानं पुढं होऊन दांडीला खांदा लावला. तात्या माझ्याच वयाचे, भावकीतले, शब्दाला मान असलेले. ते म्हणाले, "बाईच्या जातीचा खांदा पालखीला लागला. तुझं माणूस हाय, तूच सांग." सगळी यात्रा माझ्याकडं बघायला लागली. पंचवीस वर्षं मी त्याला कानपिळ्या म्हणत आलो होतो. त्या दिवशी मी म्हणालो, "कोंडे, हो बाजूला."

तो बाजूला झाला. माझ्याकडं बघितलं नाही. दांडी दुसऱ्याच्या खांद्यावर नीट बसली का तेवढं बघितलं आणि चालत वडिवळ्याला गेला. बायकोनं आठ दिवस माझ्यासमोर ताट ठेवलं आणि उठून गेली. मी माफी मागितली नाही. मला येत नाही ते. पुढं लावणीच्या दिवसांत तो सकाळीच आमच्या बांधावर उभा. म्हणाला, "तुमी चुकला म्हणून रोपं थांबायची न्हाईत. बैल सोडा." दिवसभर मी चिखल केला आणि त्यानं रोपं लावली.

सहा वर्षांमागं बायको गेली. जाताना तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही, एवढंच म्हणाली, "त्याला एकटं ठेवू नका." सासरा-सासू कधीच गेले होते. दिवसकार्य झाल्यावर मी वडिवळ्याला गेलो आणि म्हणालो, "चल." तो म्हणाला, "लोकं बोलतील तुमाला." मी म्हणालो, "मला आता कोण जेवू घालतं? बोलूदेत."

लोक बोललेच. तात्या ओट्यावर येऊन बसले. "बिनबायकोचा माणूस तू, आणि घरात मेव्हणी. बरं दिसत न्हाई."

"मेव्हणा हाय," मी म्हणालो.

"पालखीला तूच बाजूला केलीस की. सगळ्यांनी ऐकलंय."

हे खरं होतं. आत चुलीपाशी कानपिळ्या भाकरी थापत होता, तो थापायचा थांबला हे मला ऐकू आलं. मी म्हणालो, "तवा चुकलो, तात्या. आता न्हाई चुकायचो." तात्या चहा न घेता उठले. आत भाकरीची थापथाप पुन्हा सुरू झाली.

गडाखाली आमचं ताडपत्रीचं हॉटेल आहे. भजी, पिठलं-भाकरी, ताक. बायकोनं चालवलेलं, पुढं त्यानं चालवलं. मी लाकडं फोडायचो आणि गिऱ्हाइकांशी वाद घालायचो. पावसाळ्यातल्या एका रविवारी पुण्याची एक कॉलेजातली मुलगी चिंब भिजून चुलीजवळ येऊन बसली. बराच वेळ त्याच्या हातावरच्या गोंदणाकडं आणि टोपीकडं बघत होती. मग म्हणाली, "काका, राग येणार नसेल तर एक विचारू? तुम्हाला काय म्हटलेलं आवडतं? तो, ती, की आणखी काही?"

"भजीवाला म्हण," तो म्हणाला. "कांदा घेतीस का बटाटा?"

मुलगी हसली पण हटली नाही. म्हणाली, "आम्हाला हाच विषय आहे. बाई असणं, पुरुष असणं हे जन्मातच पक्कं ठरलेलं नसतं. लोक जसं वागायला लावतात तसं रोज वागत वागत ते घडतं. आणि मधेही माणसं असतात. बदलतातही."

"कोण शिकवतं ह्ये?"

"आमच्या मॅडम."

"मॅडमनी भात लावलाय का कदी?"

"नसावा."

"मग पाठव त्यास्नी. सकाळी बैलामागं मी बाप्या, दुपारी रोपं लावाय मी बाई. मधी बांधावर च्या घेतो. बदललो तर तितंच बदलत असंन. पर च्या पिताना मला तर काय झाल्यालं कळत न्हाई."

ती इतकी हसली की ठसका लागला. त्यानं तिला पाणी दिलं, आणि कागदावर चार भजी जास्त टाकली. जाताना ती त्याच्या पाया पडली. तो ओशाळला, मागं सरकला.

संध्याकाळी तो हॉटेल आवरत होता. झारा पुसत म्हणाला, "दाजी, पुस्तकात असंल तर माझ्यासारखी लय जणं असतील."

"असतील की."

"कुटं असतील?"

साठ वर्षं हा माणूस समजत होता की आपण एकटेच आहोत, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं आम्ही एका ताटाला बसलो होतो आणि मी कधी विचारलंही नव्हतं. म्हणून त्या दिवशी विचारलं, मला जसं विचारता येतं तसं. "खरं सांग, तू बाई का बाप्या?"

त्यानं रागानं बघितलं नाही. विचार करून म्हणाला, "बाई म्हणलं की अंगात दुसऱ्याचा सदरा घातल्यावाणी होतं. बाप्या म्हणलं की बरं वाटतं, पर तोबी काखेत जरा काचतो. तुमी कानपिळ्या म्हणता न्हवं, ते बराब्बर मापाचं हाय." आणि चुलीवर पाणी मारलं.

आता तो गेला त्या दुपारचं सांगतो. मी ओरडलो तशी माणसं जमली. धोंडाक्का, बायकोची जुनी मैत्रीण, आणि चार बाया आत आल्या. धोंडाक्काच्या हातात कोरी साडी होती, फुलाफुलांची. तिनं स्वतःसाठी ठेवलेली. वाईट मनानं आणली नव्हती. म्हणाली, "तुमी बाप्ये बाहेर बसा, भाऊ. आमी न्हाऊ घालतो. जन्मभर त्यानं केलं त्याला हवं तसं, जाताना तरी बाईच्या जातीला बाईसारखं जाऊ द्या."

बाहेर बाप्ये बसले होते. त्यांना बोलवावं तर ते त्याचं अंग बघणार. बाया त्याला साडी नेसवणार. आणि हा माणूस आयुष्यात ना बायांबरोबर ओढ्यावर आंघोळीला बसला, ना बाप्यांबरोबर धरणात उतरला. मागच्या दारी त्यानं पत्र्याची न्हाणी बांधली होती, आतून कडी लावायचा. कुणी कधी काही बघितलं नव्हतं. माझ्या बायकोनंही नाही. आज कडी लावायला तो नव्हता.

मी म्हणालो, "मी घालतो आंघोळ. सगळ्यांनी बाहेर व्हा."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. "दाजीनं मेव्हणीच्या अंगाला हात लावायचा?" धोंडाक्का म्हणाली. "काय बोलताय, भाऊ. डोकं ठिकाणावर हाय का?"

"मेव्हण्याला लावायचाय."

"अवो, पर…"

"आक्का, मी त्याला एकदा समद्यांम्होरं बाजूला केलंय. पुन्यांदा व्हनार न्हाई. तुला मदत करायची तर पाणी तापव. न्हाईतर जा."

ती गेली. मी दार लोटलं आणि आतून कडी घातली. त्याच्यावर चादर टाकली, आणि चादरीखालून हात घालून कपडे काढले. बघितलं काही नाही. पन्नास वर्षांत बघावंसं वाटलं नव्हतं, आता कशाला. तांब्यानं पाणी घालत राहिलो. हाडं हाताला लागत होती. इतका वाळलाय हे त्यानं कळू दिलं नव्हतं. दारावर टकटक झाली. फट करून बादली आत घेतली. धोंडाक्का तोंड फिरवून उभी होती. पदरात नाक पुसत म्हणाली, "कोमट केलंय. त्याला कडक पाणी सोसत न्हवतं."

त्याचा धुतलेला सदरा आणि पायजमा चढवला. हात बाहीत घालायला वेळ लागला, हात ताठ झाले होते. टोपी घातली. जरा वाकडी, तो घालायचा तशी. मग दार उघडलं.

बाया आत आल्या. धोंडाक्कानं ती फुलाफुलांची साडी घडी करून परत पिशवीत ठेवली. चौघांनी उचललं, पुढच्या दांडीला मी होतो. पालखीला मी त्याला खांदा देऊ दिला नव्हता आणि आज त्याला खांदा देत होतो. याची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. अग्नी मीच दिला. तात्या आले होते. लांब, पिंपळाखाली काठी टेकून उभे होते. जवळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या जीपनं मळवलीला उतरलो आणि तिथून कामशेतला गेलो. आमच्याकडं माणूस गेला की फाट्यावर त्याचा फ्लेक्स लावतात. ज्याचा लागत नाही तो जणू कुणाचा नव्हताच. फ्लेक्सच्या दुकानात एक बाई संगणकावर बसल्या होत्या. फोटो मागितला. त्याचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, टोपीतला. बाईंनी कार्ड वाचलं, फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं.

"आबा, इथं कोंडाबाई लिहिलंय. पुढं स्त्री."

"व्हय."

"मग बोर्डवर काय लिहू?"

"कोंडिबा लिही."

"पण कार्डावर तर…"

"कार्ड सरकारचं हाय. माणूस माझा हुता."

त्यांनी कोंडिबा लिहिलं, मोठ्या अक्षरात. मग म्हणाल्या, "खाली शोकाकुल म्हणून कुणाची नावं? पत्नी, मुलं?"

"दाजी."

"दाजींचं नाव?"

"नाव नको. दाजी बास. दुसऱ्या कुणाचा मी दाजी न्हाई."

तासाभरात फ्लेक्स गुंडाळून हातात दिला. फाट्यावर येऊन हॉटेलातली शिडी आणली आणि खांबाला लावली. चढताना गुडघे कुरकुरत होते. वरचे दोन कोपरे तारेनं बांधत होतो तेव्हा तात्या काठी टेकत आले. खाली थांबून वाचायला लागले. ओठ हलवत वाचतात ते, एकेक अक्षर. मी शिडीवरच थांबलो. ते काय बोलतील आणि त्यावर मी काय बोलायचं, ते सगळं मी तोंडात तयार ठेवलं होतं.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग काठीनं वर दाखवत म्हणाले, "उजवी बाजू खाली आलीय. वर वढ."

मी वर ओढली आणि घट्ट बांधली.